रंगावाचून लय : मर्ढेकर, खानदेश आणि कृष्णधवल अमूर्त चित्राचे मूल्यमापन

मराठी कलासमीक्षेत अमूर्त चित्राविषयी लिहिताना काही विशेषणे आता ठरून गेल्यासारखी झाली आहेत. चित्र गूढ असते, ध्यानमग्न असते, आंतरिक असते. ते अवकाशाशी संवाद साधते आणि शांततेकडे नेते. चित्र केवळ काळ्यापांढऱ्यात असेल तर हा शब्दांचा ओघ आणखीच वाढतो, कारण रंगांविषयी जे थोडेफार नेमके बोलता आले असते तेही हातातून निसटलेले असते. या शब्दांची अडचण अशी की, ते चांगल्या चित्राला जितके लागू पडतात तितकेच सुमार चित्रालाही लागू पडतात. दोन कृष्णधवल अमूर्त चित्रे शेजारी ठेवली आणि त्यांतील एक सरस व दुसरे निरस का, असे विचारले, तर ही शब्दसंपत्ती मूक होते. मूल्यमापनात तरतमभाव गृहीत असतो, आणि तरतमभाव सांगायचा तर चित्रात कशाकडे पाहायचे हे आधी ठरावे लागते. विषय नाही, आकृती नाही, रंगही नाही, अशा ठिकाणी पाहायचे ते काय, हा प्रश्न मराठीत विचारलाच गेला नाही असे मात्र नाही. त्याच्या उत्तराची सामग्री ज्याने सिद्ध केली तो विचारवंत चित्रकार नव्हता, कवी होता. आणि त्याचा जन्म खानदेशातला होता.

बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म १९०९ साली फैजपूर येथे झाला. फैजपूर हे नाव सामान्यतः स्मरते ते डिसेंबर १९३६ मध्ये तेथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू, गवत अशा साध्या, आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून केली होती. भारतीय आधुनिक कलेच्या इतिहासात या सजावटीची नोंद आहे. मर्ढेकरांच्या जन्माची अर्थातच नाही. पण अधिवेशनानंतर अवघ्या काही महिन्यांत, १९३७ मध्ये, त्यांचा 'आर्ट्स अँड मॅन' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि नंदलालांच्या कलेमागे जी भूमिका होती तिच्या नेमकी उलट भूमिका त्यात मांडली गेली होती. कलेचे सौंदर्य तिच्या विषयात, उपयोगात किंवा तिने जागविलेल्या राष्ट्रभावनेत नसते. ते तिच्या माध्यमातील संवेदनांच्या परस्परसंबंधात असते. मर्ढेकर १९३० च्या सुमारास इंग्लंडात होते. क्लाइव्ह बेल यांच्या १९१४ च्या ग्रंथाने रुजविलेली अर्थपूर्ण आकाराची कल्पना तेव्हा तेथील कलाचर्चेत मुरलेली होती. तिचे संस्कार मर्ढेकरांवर दिसतात. परंतु बेल जेथे एका अनिर्वचनीय सौंदर्यभावनेचा हवाला देऊन थांबतात, तेथून मर्ढेकर पुढे जातात. आकार अर्थपूर्ण होतो तो कशाने, याचे त्यांचे उत्तर म्हणजे लय. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी संवेदना एकमेकींशी बांधल्या गेल्या की लय सिद्ध होते. 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथात हे विवेचन मराठीत आले. पुढच्याच वर्षी मर्ढेकर वारले आणि त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

या सिद्धान्तावर मराठीत जी चर्चा झाली ती बहुतांशी साहित्याच्या अंगाने झाली, आणि तसे होणे स्वाभाविक होते. शब्द हे माध्यम केवळ ध्वनिसंवेदनांचे नसल्यामुळे साहित्याच्या बाबतीत मर्ढेकरांना शब्दांच्या भावनात्मक अर्थाचा आश्रय घ्यावा लागला, आणि टीकाकारांनी नेमके तेथेच बोट ठेवले. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात दाखविले की, सौंदर्याची आणि साहित्याची संकल्पना एकध्रुवी मानली की तिच्यातील लौकिक अर्थाचा भाग हिशेबाबाहेर राहतो. हा आक्षेप साहित्याला किती लागू आहे याची चर्चा झाली. परंतु ज्या कलेसाठी हा सिद्धान्त सर्वांत निर्धोक समजला जात होता, त्या चित्रकलेवर तो कोणी फारसा पारखून पाहिला नाही. चित्रात रंग असतात, रंगांत संवाद व विरोध असतात, एवढ्यावर सर्वांचे समाधान झाले.

कृष्णधवल अमूर्त चित्र या समाधानाला तडा देते. संवेदनांचे संबंध हीच लय असेल आणि संवेदना दोनच असतील, तर संबंधही एकच उरतो : काळ्याचा पांढऱ्याशी विरोध. हा विरोध टोकाचा असतो खरा, पण तो प्रत्येक चित्रात सारखाच टोकाचा असतो. छापील कागदावरही तो असतो. तेव्हा सरस चित्राचे सरसपण या विरोधात असू शकत नाही. मर्ढेकरांच्या बाजूने असे म्हणता येईल की, रेषेची जाडी, दिशा, दोन रेषांतील अंतर, पृष्ठभागाचा पोत याही संवेदनाच आहेत आणि त्यांच्यातही संवाद-विरोध संभवतात. हे म्हणणे मान्य करण्यासारखे आहे. त्याने सिद्धान्त वाचतो. पण तो पुरतो का, हे उदाहरणावरच ठरवावे लागेल.

उदाहरण नसरीन मोहमदी यांचे घ्यावे. १९३७ साली कराचीत जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिकलेल्या आणि १९७२ पासून बडोद्याला अध्यापन करणाऱ्या नसरीन यांचे १९९० मध्ये रायगड जिल्ह्यातील किहीम येथे निधन झाले. त्यांची प्रौढ काळातील चित्रे कागदावर शाई आणि पेन्सिलीने, रेखनाची उपकरणे वापरून काढलेली आहेत. चित्रांना शीर्षके नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. समांतर रेषांचे पट्टे, त्यांना छेदून जाणारे कर्ण, कोठेतरी एकाएकी दाट होणारी आणि मग हळूहळू विरळ होत जाणारी अंतरे. येथे काळे आणि पांढरे एकमेकांसमोर उभे ठाकतच नाहीत. रेषा इतक्या जवळ येतात की त्यांचा राखाडी भास होतो. दूर गेल्या की कागद पुन्हा कागद होतो. म्हणजे विरोध दोन काळ्यांत आहे : एकट्या रेषेच्या काळ्यात आणि समूहात विरघळलेल्या काळ्यात. पांढऱ्याचेही तसेच. रेषांमध्ये कोंडलेले पांढरे आणि रेषा संपल्यावर मोकळे राहिलेले पांढरे हे डोळ्यांना एक वाटत नाहीत, कागद एकच असूनही. समतोल तर सममितीने साधलेला नाहीच. भार एका कोपऱ्याकडे सरकलेला असतो आणि त्याला तोलून धरते ती समोरच्या कोपऱ्यातील रिकामी जागा. मर्ढेकरांची तिन्ही तत्त्वे येथे लागू पडतात, आणि एखाद्या कॅटलॉगमधील विशेषणांपेक्षा कितीतरी अधिक नेमकेपणाने लागू पडतात. एवढ्यापुरते पाहिले तर मर्ढेकरांचा विजयच झाला असे म्हणावे लागेल.

तरीही काहीतरी उरते. ते काय, हे समजण्यासाठी पुन्हा खानदेशात, आणि बरेच मागे जावे लागते.

चाळीसगाव तालुक्यातील पाटणे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहे ते भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या १२०७ सालच्या शिलालेखामुळे. त्याच पाटण्यात १९७० नंतरच्या दशकात सु. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगाचे अवशेष मिळाले. त्यांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी होते आणि कवचाचा एक कोरलेला तुकडा होता. समांतर रेषांच्या चौकटी, आणि त्यांच्या मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी. काळ साधारणपणे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. येथे शाई नाही, रंग नाही. फिकट पृष्ठभागावर खोदलेल्या रेषेत साठलेली सावली तेवढी काळी. या जाळीत प्राणी नाही, माणूस नाही, कशाचेही चित्र नाही. भारतातील अमूर्त रेखनाचा हा सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक म्हणायला हरकत नाही. मात्र त्याला 'अमूर्त कला' म्हणण्याची घाई करू नये. ज्यांनी त्या रेषा कोरल्या त्यांच्यासाठी त्या खुणा, मोजणी, मालकी यांपैकी काहीही असू शकतील.

या तुकड्याची खरी महत्ता त्याच्या पुढच्या इतिहासात आहे. पाटण्याखेरीज इतर ठिकाणांहूनही शहामृगाच्या कवचाचे अनेक तुकडे पुढे आले आणि त्यांवरही कोरीव नक्षी आहे असे जाहीर करण्यात आले. नंतरच्या सूक्ष्म तपासणीत यांपैकी बहुतेकांवरील रेषा मानवी हाताच्या नसून जमिनीत गाडलेल्या कवचाची नैसर्गिक झीज असल्याचे मत मांडले गेले. पाटण्याच्या तुकड्यावरील छेद मात्र हत्याराने केलेले आहेत, हे मान्य झाले. आता हे दोन तुकडे, एक माणसाने कोरलेला आणि दुसरा मातीने कुरतडलेला, मर्ढेकरांच्या सिद्धान्तासमोर ठेवून पाहावेत. डोळ्याला मिळणारी रेषासंवेदना दोन्हीकडे सारखी असू शकते. दुसऱ्या तुकड्यातही संवाद, विरोध, कदाचित समतोलही सापडेल. पण तो नैसर्गिक आहे हे कळताच त्याच्याविषयीचे विधान बदलते. तो सुंदर आहे असे कोणी म्हणत राहील; ते सरस रेखन आहे असे कोणीही म्हणणार नाही. मूल्यमापनाच्या विधानातून काहीतरी गळून पडते, आणि गळून पडते ते संवेदनेतले नव्हे. गळते ती कृती. येथे रेषा ओढली गेली. तिच्यापूर्वी ही ओढली गेली, तिच्यानंतर ती. येथे हत्यार घसरले आणि येथे हात थांबला, हे सारे त्या रेषेच्या असण्याचा भाग होते.

मर्ढेकरांच्या लयीत नेमकी ही कृती नाही. त्यांची लय संवेदनांच्या संबंधांतून एकदमच, सिद्ध स्वरूपात डोळ्यांसमोर येते. ती घडत गेली आहे, हे तिच्या स्वरूपात मोजले जात नाही. रंगीत चित्रात ही उणीव लपून राहते, कारण रंगांचे संबंध पुष्कळ असतात आणि तेवढ्यात समीक्षकाचे काम भागते. काळ्यापांढऱ्यात संबंध इतके थोडे उरतात की, रेषा कशी ओढली गेली हा प्रश्न टाळताच येत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कृती म्हणजे चरित्र नव्हे. नसरीन यांना शेवटच्या वर्षांत हाताच्या हालचालींवरचे नियंत्रण कमी करणारा मज्जासंस्थेचा आजार होता, हे सर्वश्रुत आहे, आणि त्यांच्या रेषांची स्थिरता त्या आजाराशी जोडून हळवे होणे फार सोपे आहे. १९८४ मधील अपघातानंतर वासुदेव गायतोंडे यांनी काही वर्षे मोठे कॅनव्हास बाजूला ठेवून कागदावर शाईची लहान चित्रे काढली, त्यांच्याविषयीही असेच लिहिले जाते. ही माहिती चित्राबाहेरून येते आणि चित्रावर सहानुभूतीचा लेप देऊन जाते. पाटण्याच्या तुकड्याचा निवाडा मात्र कोरणाऱ्याविषयी काहीही माहीत नसताना, केवळ छेदाच्या कडा आणि खोली पाहून झाला. कृतीची खूण चित्रातच असते. चरित्र चित्रात नसते.

कृतीकडे असे पाहण्याची सवय मराठीला परकी नाही. फक्त ती चित्रकलेच्या नावाखाली नोंदलेली नाही. मराठीत पूर्वी चित्र 'लिहीत' असत, हा शब्दप्रयोग येथे निव्वळ अलंकारिक समजू नये. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि त्यात समर्थांनी अक्षराचा घेर, ओळींचा सरळपणा, अक्षराअक्षरांतील मोकळीक, शाईचा दाटपणा, कागदाच्या कडेला सोडायची जागा यांचा जो विचार केला आहे तो आशयाचा विचार नाही. पांढऱ्यावर काळे कसे बसावे याचा आहे. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हात एकच राहिला पाहिजे, या अपेक्षेत लय आणि कृती वेगळ्या पडलेल्याच नाहीत. समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचा शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमविलेला मोठा संग्रह धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहे, हा योगायोग प्रस्तुत विषयाला फारच सोयीचा आहे.

धुळ्याची दुसरी परंपरा याहून कठोर आहे. वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाने तेथे स्थापन झालेल्या संशोधन मंडळाकडे त्यांचा संग्रह आला. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मधला. एकूण खंड बावीस. या कामात रोजचा प्रश्न होता तो कागद अस्सल की बनावट हा, आणि त्याचे उत्तर मजकुराइतकेच हस्ताक्षरावर, शाईवर, कागदावर, शिक्क्याच्या जागेवर अवलंबून असे. मोडी कागदात आधी आडवी रेघ ओढली जाते आणि अक्षरे तिला खालून लटकतात. बोरू शाईत बुडविल्यानंतरची अक्षरे दाट येतात, पुढे ती सुकत जातात, आणि मग पुन्हा दाट. ज्याला मोडी वाचता येत नाही त्याच्यासमोर असा कागद म्हणजे कृष्णधवल अमूर्त चित्रच असते. ते पाहताना दाट-फिके-दाट हा श्वास त्यालाही जाणवतो. नक्कल करणाऱ्याला अक्षराचे वळण साधते, हा श्वास साधत नाही. तो थांबत थांबत लिहितो आणि शाई नको तेथे साचते. अस्सलपणाची ही पारख ऐतिहासिक आहे, सौंदर्यशास्त्रीय नव्हे, हे खरे. तरीपण पांढऱ्यावरच्या काळ्यातून कृतीचा क्रम वाचण्याचे शास्त्र मराठी संशोधनात तयार होते आणि मराठी कलासमीक्षेने त्याकडे कधी पाहिले नाही, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

उलट दिशेचे एक उदाहरणही याच प्रदेशात आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आपल्या बंगल्यात जवळजवळ एकांतवासात राहून कृष्णधवल छायाचित्रणात, विशेषतः टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांतून निसर्गदृश्याचा भास घडविणाऱ्या छायाचित्रणात, असामान्य काम केले. तेथे रंगाचा अभाव आभासाला मदत करतो : रंग गेला की वस्तूचे खरे माप कळेनासे होते आणि टेबलावरचे लहान दृश्य विशाल होते. म्हणजे काळेपांढरे हे आपोआप अमूर्ताकडे नेत नाही. मूस यांच्या हातात ते सदृशतेचे सर्वांत प्रभावी हत्यार ठरले. पाटणे आणि चाळीसगाव एकाच तालुक्यात आहेत. एकीकडे कशाचाही भास न देणारी रेषा, दुसरीकडे सगळाच भास. दोन्ही रंगावाचून.

तालुक्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. मर्ढेकरांचे फैजपूर आणि भालचंद्र नेमाडे यांचे सांगवी ही दोन्ही गावे यावल तालुक्यातील. मराठीतील सर्वांत कडवा रूपवाद आणि सर्वांत आग्रही देशीवाद एकाच तालुक्यातून यावेत, याची मौज वाटल्यावाचून राहत नाही. १९८० नंतर देशीयतेची चर्चा बळावली तेव्हा अमूर्त चित्राला परकेपणाचा शिक्का बसू लागला, आणि त्यावर उपाय म्हणून अमूर्त चित्रात प्रदेश शोधण्याची रीत पडली. या रीतीने खानदेशातील चित्रकाराचे काळे म्हणजे काळी कसदार जमीन आणि पांढरे म्हणजे कापूस, असे समीकरण कोणीही बसल्या जागी मांडू शकेल. हे समीकरण चित्राचा बचाव करीत नाही, त्याला पुन्हा विषयचित्र बनविते. नेमाड्यांच्या देशीयतेचा रोख शैलीच्या आणि परंपरेच्या सातत्यावर आहे. जमिनीच्या रंगावर नाही. सातत्यच पाहायचे असेल तर ते लेखनक्रियेच्या समासात आणि मोडी कागदांत अधिक खात्रीने सापडते.

आता गायतोंड्यांच्या शाईच्या चित्रांकडे वळता येईल. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेल्या, १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतलेल्या आणि २००१ मध्ये दिल्लीत निधन पावलेल्या गायतोंड्यांची कीर्ती रंगाच्या थरांवर उभी आहे. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा ते वस्तुनिरपेक्ष म्हणणे पसंत करीत. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतील ख्रिस्तीजच्या लिलावात त्यांच्या १९७९ च्या एका कॅनव्हासला २३ कोटी ७० लाख रुपये आले, आणि त्यानंतर मराठी वर्तमानपत्रांनी त्यांचे मूल्यमापन म्हणजे किंमत असे धरून चालण्यास सुरुवात केली. शाईची चित्रे त्या झगमगाटापासून दूर राहिली. लहान कागदावर थोडे फटकारे, लिपीसारखे भासणारे, पण कोणत्याही लिपीत न बसणारे. आणि बराच कागद तसाच.

या चित्रांना मर्ढेकरांची लय आणि राजवाड्यांची नजर दोन्ही एकत्र लावली की त्यांच्यातील तरतमभाव स्पष्ट होतो. काही कागदांवर चिन्हे लिपीच्या इतक्या जवळ येतात की डोळा पाहणे सोडून वाचू लागतो. वाचायला काही नाही हे कळल्यावर चित्रापाशी थांबण्याचे कारण उरत नाही, आणि मग फटकारा डौलदार असूनही तो केवळ डौल राहतो. येथे संवाद आहे, पण विरोध फक्त काळ्याचा पांढऱ्याशी, म्हणजे फुकटचा. दुसऱ्या काही कागदांवर फटकारा दाट सुरू होतो, शाई संपत येताना कागदाचा पोत त्यातून दिसू लागतो, आणि पुढचे चिन्ह त्या संपण्याच्या उंचीवर, थोडे अंतर राखून सुरू होते. तेथे दोन चिन्हांमधले पांढरे हे थांबलेल्या हाताचे पांढरे असते. कडेला सोडलेले पांढरे ते नव्हे. दाट काळे, सुकलेले काळे, थांबलेले पांढरे आणि मोकळे पांढरे अशा चार संवेदना या चित्रात आहेत, आणि त्या चारही कृतीच्या क्रमातून आल्या आहेत; क्रम काढून घेतला तर पुन्हा दोनच उरतात. नसरीन यांच्या चित्रात हात उपकरणामागे लपतो म्हणून क्रम अंतरांत शोधावा लागतो; गायतोंड्यांच्या या कागदांवर तो शाईच्या दाटपणात उघड असतो. दोघांच्याही सुमार चित्रांत क्रम बदलून पाहिला तरी काहीच बिघडत नाही. सरस चित्रांत एक रेषा आधीची नंतर मानली की समतोल मोडतो, आणि हे नजर पुन्हा पुन्हा फिरवून कोणालाही पडताळून पाहता येते.